मिशीला परवानगी

वाशीमला बसस्टँडजवळ चहाला बसलो की कोणीतरी विचारतंच, "प्रल्हादभाऊ, तुमी मेळ्यात होते ना? तो मिशीचा किस्सा काय होता?"

मग मला आधी विचारावं लागतं की कोणत्या मिशीचा. कारण तो काही एक नाही. आम्ही मूठभर माणसं वर्षानुवर्षं एकाच तंबूत राहिलो, एकाच टोपल्यातली भाकर खाल्ली आणि एकाच माणसाच्या हुकमानं रोज सकाळी दाढी केली. अशा ठिकाणी किस्से मुद्दाम घडवावे लागत नाहीत. एक सांगून होत नाही तोच दुसरा आठवतो, आणि चहावाला म्हणतो, "भाऊ, कप रिकामा करा."

तर आधी मेळा सांगतो. सत्तरच्या पुढची वर्षं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याचा तालुका होता. पन्नाशेठ वाशीमचेच, जैन, कापडाच्या दुकानदाराच्या घरातले. भाऊ गादीवर बसले आणि यांनी आकाशपाळणा विकत घेतला. त्याच्या मागून लहान मुलांची चक्री आली, हसवणारे आरसे आले, मौत का कुआँ आला, जनरेटर आला. कापूस निघाला की आमचे ट्रक निघायचे. मालेगाव, शिरपूर, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, रिसोड, आणि पावसाच्या आधी परत वाशीम. बोर्डावरचं नाव इंग्रजीत होतं, त्यामुळे ते कोणी घेतलं नाही. लोक म्हणायचे, "शेठचा मेळा आला."

मी माइकवर होतो. पाळण्याची आरोळी द्यायची, हरवलेल्या पोराचं नाव सांगायचं, कुआँचा खेळ सुरू होतो म्हणून लोकांना बोलवायचं.

आणि नियम असा होता: दाढी नाही, मिशी नाही, कल्ले कानाच्या पाळीखाली नाहीत. त्या दिवसांत कॉलेजातली पोरं कल्ले जबड्यापर्यंत आणत होती, पण शेठजींना त्याचं काही नाही. ते म्हणत, "बाई आपलं लेकरू आपल्या माणसाच्या हाती देते, पाळण्यात बसवायला. तिला त्याचा चेहरा पूर्ण दिसला पाहिजे."

रोज सकाळी शालिक न्हावी जनरेटरच्या बाजूला पेटी उघडून बसायचा. ड्युटीवर जायच्या आधी शेठजी प्रत्येकाच्या गालावरून उलटा हात फिरवायचे. खरखर लागली की रागावणं नाही, बोलणं नाही. नुसतं म्हणायचे, "शालिक." मग माणूस जाऊन पेटीसमोर बसायचा.

*

एकदा रिसोडला थंडी अशी पडली की सकाळी तोंडाला पाणी लावायची हिंमत होईना. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी शेठजींचा हात गालावरून फिरला आणि ते म्हणाले, "शालिक."

मी म्हटलं, "शेठजी, मी तं पडद्याच्या मागं बसतो. माही दाढी कोनाले दिसून राह्यली?"

शेठजींनी थोडा विचार केला. ते कोणाचंही बोलणं उडवून लावत नसत, हे त्यांचं चांगलं होतं. म्हणाले, "दिसत नाही, हे खरं. पण काल तुझा आवाज दाढी वाढलेल्या माणसासारखा येत होता."

मला हसू आलं, पण शेठजी हसले नाहीत. मी गुपचूप जाऊन शालिकपुढे बसलो.

संध्याकाळी माझ्या ओळखीचा एक मास्तर बायकोपोरांना घेऊन मेळ्यात आला. पडद्यामागं डोकावून म्हणाला, "अरे, तूच आहेस होय. काल-परवा दुसरा कोणी होता का माइकवर? आज आवाज कसा साफ वाटला."

शेठजी शेजारीच उभे होते. त्यांनी मास्तरच्या पोरांना पाळण्यात फुकट बसवलं.

*

नामदेव मालेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला. दांडगा गडी. पाळणा हातानं थांबवायचा असला की दोन माणसांचं काम एकटा करायचा. आला तेव्हा त्याला भरघोस मिशी होती. शालिकनं वस्तरा लावला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले, आणि झाल्यावरही बराच वेळ उघडले नाहीत.

आपल्याकडे मिशी उतरवलेला माणूस दिसला की त्याचा बाप गेला, हे कोणाला सांगावं लागत नाही. पण नामदेवच्या ते ध्यानात राहिलं नाही. मेळ्यात सगळेच तसे, त्यामुळे महिन्याभरात त्याला सवय झाली.

मेळा मालेगावला लागला तेव्हा तो एक दिवस सुट्टी काढून घरी गेला. फाट्यावर बसमधून उतरला तर समोरून त्याची आत्या डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, भारा खाली टाकला आणि रस्त्यातच बसून रडायला लागली.

"असा कसा गेला रे माहा भाऊ. मले कोनी सांगतलं बी नाही."

आता आत्याचा भाऊ म्हणजे नामदेवचा बाप. नामदेवला वाटलं, आपण मेळ्यात होतो, मागं बाप गेला आणि आत्या ते आपल्याला सांगून राह्यली. तोही रडायला लागला. आत्याला वाटलं, हा रडून राह्यला म्हणजे खरंच आहे. दोघं रडत गावाकडे निघाले. नामदेव पुढं धावत, आत्या मागं. वेशीपाशी चार माणसं मागं लागली, मारुतीच्या पारापाशी आणखी दहा. कोणी विचारलं नाही, कारण नामदेवचा ओठ सगळ्यांना दिसत होता.

घरी किसनबुवा, म्हणजे नामदेवचा बाप, ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळत होते. नामदेवनं त्यांना पाहिलं आणि पायाला मिठीच मारली. रडणं काही थांबेना. किसनबुवांनी पोराचं तोंड वर करून पाहिलं आणि तेही घाबरले. म्हणाले, "मी तं जित्ता हाये. मंग कोन गेलं?"

हळूहळू उलगडा झाला. मेळ्यात सगळ्यांचीच काढतात, शेठचा नियम आहे, हे नामदेवनं सांगितलं. आत्यानं डोळे पुसले आणि भावाला चार शिव्या दिल्या, काही कारण नसताना. जमलेले लोक मात्र ओशाळून उभे राहिले. जावं तरी पंचाईत, थांबावं तरी पंचाईत.

किसनबुवांनी दोर बाजूला ठेवला आणि आत हाक मारली, "चहा ठेव वं, मानसं आली हायेत." मग लोकांना म्हणाले, "बसा. खऱ्या वक्ताले मी काही तुमाले चहा पाजू शकनार नाही."

*

उस्मानभाई कुआँत मोटरसायकल चालवायचे. लाकडी फळ्यांचा गोल, उभ्या भिंतीचा कुआँ, लोक वर कठड्याला टेकून पाहतात, आणि खालून हा माणूस गाडी घेऊन भिंतीवर चढायचा. चाळिशीकडे झुकलेले, हडकुळे, बोलायला मऊ. त्यांच्याकडे पाहून कोणाला वाटलं नसतं की हा मरणाच्या इतक्या जवळून रोज फिरतो.

नेमका तोच घोटाळा झाला. अकोल्याच्या पेंटरनं कुआँचं पोस्टर रंगवलं, त्यात त्यानं आपल्या मनानं मोठी पिळदार मिशी काढली. त्याला नियम कोण सांगणार? पोस्टर झकास झालं होतं, शेठजींनी लावून टाकलं. कारंजात पहिल्याच खेळाला उस्मानभाई कुआँत उतरले आणि वरून एक जण म्हणाला, "हा कोन? फोटोतला मानूस आना." मग दुसरा म्हणाला. मग सगळेच म्हणायला लागले. दोन-तीन जण तिकिटाच्या खिडकीवर भांडायला आले.

रात्री जेवताना मी शेठजींना म्हटलं, "उस्मानभाईले मिशी ठेवू द्या ना."

शेठजी म्हणाले, "नियम तो नियम. एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल." मग घास घेता घेता म्हणाले, "उगवायची नाही. चिकटवली तर चालेल."

दुसऱ्या दिवशी एका नाटकवाल्याकडून मिशी आणली. गोंदानं चिकटवली. उस्मानभाईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "मेरे अब्बा लगता हूँ." खेळ सुरू झाला. गाडी भिंतीवर चढली, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि वाऱ्यानं मिशीचं एक टोक सुटलं. ते फडफडत फडफडत वर गेलं आणि सगळी मिशी उलटून त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसली.

हात सोडता येत नाही. थांबता येत नाही. थांबला की पडला. मी वर माइक घेऊन उभा होतो, आरोळी अर्ध्यावरच राहिली. उस्मानभाईंनी एका डोळ्यानं एक फेरा काढला, दुसरा काढला, मग गाडी हळूहळू खाली आणायला लागले. मधेच त्यांनी मान जोरात झटकली. मिशी सुटली आणि वर लोकांत उडाली. गाडी खाली आली. उस्मानभाई गाडीवरून उतरले आणि तिथेच जमिनीवर बसले. आम्ही पाणी घेऊन धावलो.

लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. सगळ्यांत जास्त टाळ्या त्या दिवशी पडल्या.

शेठजी कुआँच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात एक धोतरवाले म्हातारे पाटील माणसांतून वाट काढत आले. त्यांनी स्वच्छ रुमालाची घडी शेठजींच्या हातात दिली आणि अदबीनं म्हणाले, "तुमच्या मानसाची मिशी माह्या मांडीवर आली होती."

*

इतकं झालं. नियम मात्र तसाच. कुआँचं पोस्टर उतरवलं आणि नवं रंगवून आणलं, बिनमिशीचं.

मग मेळा शिरपूरला लागला. शिरपूरचं जैन मंदिर जुनं, शेठजींच्या आई तिथं दर्शनाला आल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना माँजी म्हणत असू. ठेंगण्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, डोळे अजून शाबूत. दर्शन झाल्यावर म्हणाल्या, "पन्ना, तुझा मेळा पाह्यचा मले. नुसतं ऐकूनच राह्यली."

शेठजींनी त्यांना सगळं फिरून दाखवलं. पाळणा पाहिला, चक्री पाहिली, आरशाच्या तंबूत स्वतःला लांब झालेलं पाहून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. शेवटी शेठजींच्या राहुटीत येऊन बसल्या. मी पाणी दिलं. नामदेव आणि उस्मानभाई पाया पडायला आले होते. माँजींनी दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पन्ना, तुह्याकडं सगळे असेच काहून रे? कोनाच्याच तोंडावर काही नाही."

शेठजींनी नियम सांगितला. बाई लेकरू हाती देते, तिला चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, चेहरा दिसला की भरवसा बसतो.

माँजी ऐकत होत्या. त्यांच्या समोर, राहुटीच्या बांबूला, शेठजींच्या वडिलांचा फोटो टांगलेला होता. पागोटं, बंद गळ्याचा कोट आणि गालावर वळवलेल्या ह्या एवढाल्या मिशा. शेठजी रोज सकाळी त्या फोटोला हात जोडून मग आमचे गाल तपासायला निघत. आम्ही रोज तो फोटो पाहत होतो, आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात कधी काही आलं नव्हतं.

माँजी फोटोकडे पाहून म्हणाल्या, "म्हंजे त्याइले तुनं नोकरीवर ठेवलं नसतं."

नामदेव खाली पाहत होता. शेठजींनी फोटोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "उन्हं उतरली, तुला बसपर्यंत सोडून येतो."

आईला सोडून परत आले आणि सरळ माझ्याकडे आले. म्हणाले, "माइक लाव."

मी म्हटलं, "शेठजी, अजून लोक यायचे आहेत."

"लोकांसाठी नाही. आपल्या माणसांसाठी." आणि त्यांनी पहिल्यांदाच स्वतः माइक हातात घेतला. घसा साफ केला. साऱ्या शिरपूरनं ऐकलं: "आजपासून मिशीला परवानगी आहे. दाढीला नाही."

*

चंद्राबाई आमच्याकडे चक्रीवर होत्या. बायकांची तिकिटं फाडणं आणि पोरांना घोड्यावर बसवणं हे त्यांचं काम. विधवा, खमक्या, आवाज माझ्यापेक्षा मोठा. त्यांच्या वरच्या ओठावर बारीक लव होती. कोणी बोलत नसे, पण कोणी पाहत नसे असंही नाही, आणि ते त्यांना माहीत होतं.

शेठजींनी माइक खाली ठेवला तसे सगळे एकमेकांच्या ओठांकडे पाहायला लागले. पाहता पाहता नजरा चंद्राबाईंकडे गेल्या आणि तिथून पटकन दुसरीकडे वळल्या.

चंद्राबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "चला, मी बी कायद्यात आली."

शालिक पेटी सोडून तंबूच्या मागं जाऊन हसून आला.

*

परवानगी तर झाली, पण मिशी काही एका दिवसात येत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढचे दोन आठवडे आम्ही कसे दिसत होतो ते विचारू नका. ना धड मिशी, ना धड साफ. सगळ्यांच्या ओठांवर काळा डाग पडल्यासारखा.

मानोऱ्याला एक बाई आपली चिमुकली पोरगी घेऊन पाळण्याजवळ आली. नामदेवनं हात पुढं केले. पोरीनं त्याचं तोंड पाहिलं आणि भोकाड पसरलं. बाईनं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "भाऊ, दुसरा मानूस नाही काय बसवायले?"

नामदेवनं मागं वळून आपल्या जोडीदाराकडे पाहिलं, मग बाईला म्हणाला, "हाये. पन तो माह्याहून भेसूर दिसून राह्यला."

शेठजी हे लांबून पाहत होते. मला वाटलं, आता परवानगी जाणार. शेठजी पुढं झाले, स्वतःच्या हातानं पोरीला पाळण्यात आईच्या मांडीवर बसवलं, आणि नामदेवला म्हणाले, "पंधरा दिवस तू मागून ढकल. पुढं मी उभा राहतो."

आणि खरंच उभे राहिले. मेळ्याचा मालक पंधरा दिवस लोकांच्या पोरांना पाळण्यात बसवत होता.

मिशा आल्यावर दुसरी गडबड. कोणाला कशी पाहिजे ते कोणाला सांगता येईना. शालिक वैतागला. एक दिवस त्यानं नामदेवला विचारलं, "बोल बापा, कशी कोरू?" नामदेव त्याला हाताला धरून आरशाच्या तंबूत घेऊन गेला. तिथं एक आरसा होता, त्यात माणूस आडवा पसरायचा. नामदेव त्याच्यासमोर छाती काढून उभा राहिला आणि आरशात बोट दाखवून म्हणाला, "अशी."

*

उस्मानभाईंनी मात्र मिशी ठेवली नाही. आम्ही चिडवायचो, "कारंजाची भीती अजून गेली नाही वाटते." ते हसायचे.

मंगरूळपीरच्या उरुसाला मेळा लागला. उस्मानभाई दर वर्षी तिथं दर्ग्यात जायचे, त्याही वर्षी गेले. परत आले ते सरळ शेठजींच्या राहुटीत. मी तिथंच बसलो होतो. ते बसले नाहीत, उभेच राहिले.

म्हणाले, "शेठजी, वीस वर्षं झाली गाडी चालवून राह्यलो. आता पोरीचं लगन झालं. वय झालं. दाढी ठेवीन म्हनतो."

शेठजींनी सरकून त्यांना बसायला जागा करून दिली.

उस्मानभाई पुढं म्हणाले, "तुमचा नियम मले मालूम हाये. मी भांडायले नाही आलो. उरूस होईपर्यंत खेळ करतो, मंग पुसदले माह्या भावाचं गॅरेज हाये, तिथं जातो. तुमच्या इथं कधी तोंड वाकडं करून राह्यलो नाही, जातानाही नाही करनार."

त्यांनी जाऊ नये असं मला वाटलं. उस्मानभाई गेले तर कुआँ गेला, आणि कुआँ गेला तर मेळ्यात उरलं काय? पण ते कारण नव्हतं. तो माणूस आमच्या प्रत्येकाच्या आजारपणात उशाशी बसलेला होता.

शेठजी उठले. उस्मानभाईंच्या जवळ गेले. बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग फार काळजीनं त्यांनी एकच विचारलं.

"कुआँत वाऱ्यानं डोळ्यावर तर नाही ना येणार?"

उस्मानभाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसायलाही लागले.

"नाही येनार, शेठजी. ही तं आपलीच राहीन."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाल तपासणं बंद झालं. शालिक सवयीनं जनरेटरपाशी पेटी उघडून बसायचा. ज्याला करायची तो जायचा. गंमत म्हणजे, बरेच जण जायचे.

*

आता शेवटचा सांगतो आणि उठतो. हा मी फार लोकांना सांगितलेला नाही.

सगळ्यांच्या तोंडावर काही ना काही आल्यावर शेठजींनाही वाटलं असणार. एक दिवस त्यांनी शालिकला ओठावर वस्तरा लावू दिला नाही. दोन महिन्यांत चांगली मिशी आली. काळीभोर, भरलेली, टोकं किंचित खाली. शेठजी मुळात गोरे, नाकीडोळी नीट. त्यांना ती इतकी शोभली की चंद्राबाईसुद्धा म्हणाल्या, "शेठजी, इतकी वर्सं फुकट घालवली तुमी."

मेळा संपवून आम्ही वाशीमला आलो. ट्रक मैदानावर लावले. शेठजी मला म्हणाले, "प्रल्हाद, चल, आज घरी जेव." मी त्यांची वळकटी उचलली आणि मागं निघालो. रस्ताभर शेठजी दोनदा बोटानं मिशी सारखी करताना दिसले. दुकानदारांनी ओळख दिली, कोणी हसले, कोणी "वा" म्हणाले. शेठजी खुशीत होते.

घराचं दार लावलेलं होतं. शेठजींनी कडी वाजवली. भाभींनी, म्हणजे शेठजींच्या पत्नींनी, दार उघडलं. पिठाचा हात तसाच. लग्नाला तेव्हा वीसेक वर्षं झालेली असतील, आणि त्या घरात आल्या तेव्हापासून त्यांनी शेठजींचा चेहरा एकाच तऱ्हेचा पाहिलेला.

मी वळकटी घेऊन जरा मागं, भिंतीच्या आडोशाला होतो. मी त्यांना दिसलो नसेन.

भाभींनी शेठजींकडे पाहिलं. नीट पाहिलं, घाईनं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अदबीनं म्हणाल्या, "शेठ घरी नाहीत. मेळ्यावर असतात. काही काम असलं तर दुकानावर त्यांच्या भावाला भेटा."

आणि दार लावून घेतलं.

शेठजी बंद दाराकडे पाहत उभे राहिले. त्यांनी पुन्हा कडी वाजवायला हात उचलला, तो तसाच खाली आणला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चल."

चौकात एक न्हाव्याचं दुकान होतं. शेठजी आत जाऊन खुर्चीत बसले. न्हाव्यानं विचारलं, "शेठजी, एवढी छान मिशी, काढायची?" शेठजी म्हणाले, "काढ." मी बाहेर बाकड्यावर वळकटी मांडीवर घेऊन बसलो.

परत घरी आलो. शेठजींनी कडी वाजवली. भाभींनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "आले का? केव्हाची वाट पाहून राह्यली. प्रल्हादभाऊ, या, हातपाय धुवा." पाटावर बसवलं, ताटं वाढली. गरम पोळ्या, तूप, मुगाची डाळ. सगळ्यांची खुशाली विचारली. उस्मानभाईंच्या पोरीची, नामदेवच्या बापाची. शेठजी खाली मान घालून जेवत होते.

भाभी त्यांच्या ताटात दुसरी पोळी टाकायला वाकल्या. तूप वाढता वाढता, सहज आठवल्यासारखं म्हणाल्या,

"आत्ताच कोणी एक जण तुम्हाला विचारत आला होता. मी दुकानावर लावून दिलं त्याला. पण दिसायला बरा होता."